अनुपची बारी

गोलू आणि टीना भैयाजींच्या घरी पोचले तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. काम छोटंसं होतं. गोलूला कॉलेजचं काम सकाळपर्यंत द्यायचं होतं, घरचं नेट दुपारपासून बंद होतं, आणि अड्याळच्या त्या गल्लीत भरवशाचं नेट एकट्या भैयाजींकडे होतं. टीना दहावीत होती. गोलू एकटा गेला की बाराशिवाय परतत नाही, म्हणून आईने तिला सोबत धाडलं होतं.

भैयाजी म्हणजे गावचे जुने पोस्टमन. ओसरीवर घमेल्यात विस्तव करून हात शेकत बसले होते. थंडी चांगली पडली होती. मागच्या अंगणात काहीतरी ठिपकत होतं. टप्... मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टप्. कोणीतरी नळ नीट बंद केला नसावा, असं टीनाला वाटलं.

गोलूने लॅपटॉप उघडला आणि नेहमीप्रमाणे त्याच्यावर चिडला. याच्यावर प्रोग्रॅम चालवायचा तर सकाळ होईल, म्हणाला. भंडाऱ्याला कॉलेजात वेगवान मशीन आहे, तिच्यावर इथूनच काम टाकतो. त्या मशीनवर बसायचे रोज एकेकाचे नंबर लागायचे. त्याचा स्वतःचा नंबर उद्याचा होता, पण वर्गातल्या एकाचा आजचा होता, आणि त्याचा पासवर्ड गोलूला ठाऊक होता. तो मुलगा तापाने पडलेला. त्याला काय कळतंय.

भैयाजींचे हात विस्तवावर थांबले.

"त्याले पुसलं?"

"त्याच्यात पुसाचं काय आहे, भैयाजी?"

"बस. नेट कुठी पळून नाही जाऊन राहिलं. पहिले आयक."

भैयाजींचा भाचा योगेंद्र वरच्या खोलीत राहायचा, तो दोघांनाही आठवत होता. मागच्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, एका सकाळी तो खोली सोडून गेला, एवढंच गल्लीला माहीत होतं. का गेला ते भैयाजींनी त्या रात्री सांगितलं. अर्धं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. उरलेलं योगेंद्रने आणि साकोलीच्या गोमाजींनी त्यांना सांगितलं होतं.

योगेंद्र हुशार होता, यात वाद नाही. पण त्याची हुशारी डोक्यात कमी आणि जिभेवर जास्त. 'स्लो' हा त्याचा आवडता शब्द. एसटी स्लो. दूधवाला स्लो. पोस्टमन मामा तर जन्माचा स्लो, तीस वर्षं सायकलवर कागद वाटत फिरला. आंबागडला त्याच्या बापाची धानाची शेती होती, पण हा पठ्ठ्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसायचा तोही रुमाल अंथरून. त्याने पांढरेशुभ्र बूट घेतले होते. रोज झोपताना ते ओल्या फडक्याने पुसायचा आणि खाटेखाली जोडीने ठेवायचा. त्या बुटांनी कधी चिखल पाहिला नव्हता. देवाच्या पादुकांची एवढी सेवा कोणी करत नसेल.

आणि सगळ्यात स्लो होता त्याचा स्वतःचा लॅपटॉप. मोठा प्रोग्रॅम कंपाइल करायला, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवायला, बसवला की पंखा घोंघावायचा आणि रात्र सरायची. म्हणून त्याचं सगळं साकोलीवर चालायचं.

साकोलीला बसस्टँडच्या मागे एक अभ्यासिका आहे. तिथून शिकून परदेशी गेलेल्या एका भल्या माणसाने मागच्या खोलीत एक दांडगी मशीन बसवून दिली होती, कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांसाठी. चार पोरं ती वापरायची. कोड आपल्या घरी लिहायचा आणि एक कमांड द्यायची. तो साकोलीला जायचा, तिथंच कंपाइल व्हायचा, तिथंच चालायचा, आणि उत्तराच्या ओळी आपल्या स्क्रीनवर उमटायच्या. घरी रात्रभर उखळात कांडण्यापेक्षा धान राइस मिलमध्ये नेऊन टाकावं आणि तासाभरात तांदूळ घरी आणावा, तसं ते होतं.

पण दोघांनी एकदम काम टाकलं की दोघांचंही रखडायचं. भांडणं झाली. तेव्हा अभ्यासिकेची राखण करणाऱ्या गोमाजींनी पोरांना बाऱ्या लावून दिल्या. गोमाजींना कॉम्प्युटरमधलं ओ का ठो कळत नव्हतं. पण त्यांनी आपल्या गावच्या तलावाचं तुडुम तीस वर्षं सांभाळलं होतं. तुडुम म्हणजे तलावाच्या पाळीतलं पाणी सोडायचं तोंड. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कोणत्या रात्री किती वाजेपर्यंत पाणी जाईल, ते गोमाजी ठरवायचे, आणि त्यांच्या काळात पाण्यावरून डोकं फुटलं नाही. त्यांनी तशीच वही मशीनच्या खोलीत खिळ्याला अडकवली. सोमवार योगेंद्र. बुधवार अनुप. रात्री बारा ते दोन. एरवी मशीन बंद.

योगेंद्रला हे फार लागलं होतं. तुडुम उघडणारा म्हातारा मला मशीनची बारी सांगतो, असं तो चारचौघांत बोलायचा. बारी मात्र घ्यायचा.

अनुप गोमाजींच्याच गावचा. बाप नाही, घरी आई कौशल्याबाई आणि तलावाखाली एक एकर. त्याच्याकडे लॅपटॉप नव्हता, म्हणून तो सायकलने अभ्यासिकेत यायचा आणि मशीनच्याच कीबोर्डवर बसायचा. दोन बोटांनी टाइप करायचा. ठक... ठक. प्रत्येक शब्दानंतर थांबायचा, जसा दुसऱ्याच्या घरात शिरताना माणूस दारात थांबतो. योगेंद्र त्याची नक्कल करायचा. दोन बोटं वर धरून, मान वाकडी करून. सगळे हसायचे. अनुपही हसायचा.

अनुपने एकच प्रोग्रॅम नीट पूर्ण केला होता. गावच्या तलावाच्या पाण्याच्या बाऱ्या लावायचा. कोणाचं किती शेत, कोणाचा धान हलका, म्हणजे लवकर येणारा, कोणाचा भारी, हे सांगितलं की तो नावं आणि वेळा काढून द्यायचा. गोमाजींनी तो कागद देवघरात ठेवला होता. योगेंद्र म्हणाला, "एवढी मोठी मशीन, अन् हा तिच्यावर पानी वाटून राहिला."

दोन हजार चोवीसच्या कोजागिरीला, ऑक्टोबरच्या सोळा तारखेला, अनुप मशीनची बारी सोडून पाण्याच्या बारीवर गेला. धान निसवलेला होता, शेवटचं पाणी. धुऱ्यावर मण्यार चावली. मण्यार चावली की फारसं दुखत नाही. काहीतरी टोचलं, असं वाटून तो तासभर पाणी पाहत उभा राहिला. पाणी शेवटच्या बांधीत पोचलं, मग तो घरी आला. उजाडायच्या आत गेला.

योगेंद्र मातीला गेला नाही. तिथं चिखल असेल, म्हणाला.

"आता यातलं एक ध्यानात ठेव," भैयाजी म्हणाले आणि त्यांनी विस्तवावर राख ओढली. "त्या गावात मेल्या मानसाची बारी मोडत नाही. तेरवीपर्यंत पानी त्याचंच. त्याच्या रात्री तुडुम उघडते, पानी त्याच्या बांधीत जाते, अन् गावातला एक जन धुऱ्यावर उभा राहते. ते पानी कोनी तोडत नाही. अर्धा गाव सुकला तरी नाही."

पुढचा बुधवार आला. तेवीस तारीख. अनुपला जाऊन सात दिवस झाले होते.

नागपूरच्या एका कंपनीने योगेंद्रला काम दिलं होतं. प्रोग्रॅम लिहायचा, त्यांनी दिलेल्या माहितीच्या ढिगावर चालवायचा आणि उत्तर गुरुवारी सकाळी आठच्या आत पाठवायचं. जमलं तर नोकरी. योगेंद्रने नोकरी लागली असंच सांगून टाकलं होतं. आंबागडला बापाने पेढे वाटले होते. आता नाही म्हणायची सोय नव्हती. नाही झालं तर दिवाळीनंतर बापासोबत धान कापायला उभं राहायचं, हे ठरलेलं होतं, आणि त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला वाटायचं.

सोमवारी त्याची बारी होती. सोमवारी तो पवनी रोडच्या ढाब्यावर मित्रांना नोकरीची पार्टी देत होता.

लॅपटॉपवर ते काम वीस तासांचं होतं. साकोलीला पाऊण तासाचं. उरलेल्या दोन पोरांपैकी एकाची मंगळवारची बारी मागता आली असती. पण त्यांना तो मठ्ठ म्हणत आला होता. मठ्ठ माणसांपुढे हात पसरायचा कसा? त्याने बुधवारी संध्याकाळी गोमाजींना फोन केला. बुधवार आता खाली आहे ना, विचारलं.

"खाली नाही. अनुपचा आहे."

"अनुप मेला ना, गोमाजी."

"मेला. तेरवी अठ्ठाविसले आहे."

योगेंद्र हसला. ते पाणी, ही मशीन. मेलेला माणूस काय कोड चालवतो?   गोमाजी म्हणाले, "मशीन चालू राहीन. तिच्यावर कोनी बसायचं नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

स्लो, योगेंद्र म्हणाला.

पासवर्ड त्याला ठाऊक होता. एकदा अनुपच्या खांद्यावरून पाहिला होता. आईचं नाव आणि शेताचा गट नंबर. तेव्हा तो पोट धरून हसला होता.

रात्री बाराला सात मिनिटं होऊन गेली होती. खाली भैयाजी झोपले होते. चंद्र उशिरा उगवून खिडकीत आला होता. योगेंद्रने अनुपचं नाव टाकलं, कौशल्याबाईंचं नाव टाकलं. मशीन उघडली. त्याने काम पाठवलं आणि पाय लांब केले.

ओळी येऊ लागल्या. पण रखडत. एक ओळ, मग थांबणं. घरचा लॅपटॉपही याहून बरा चालला असता. त्याने मशीनवर आणखी कोण आहे ते पाहिलं. दोन नावं होती. दोन्ही अनुपच. एक अड्याळहून बसलेला, म्हणजे तो स्वतः. दुसरा साकोलीला. मशीनच्याच कीबोर्डवर. बारा वाजल्यापासून.

त्याला आधी राग आला. त्या दोन मठ्ठांपैकी कोणीतरी म्हाताऱ्याला गुंडाळून आत बसला असणार. असल्या चोरट्या लोकांची त्याला फार किळस होती. त्याने दुसऱ्या अनुपचं काम तिथूनच मारून टाकलं, म्हणजे मध्येच बंद पाडलं. बारा वीसला.

ओळी धडाधड पळायला लागल्या.

बारा पंचेचाळीसला पुन्हा रखडल्या. पाहिलं तर दुसरा अनुप परत आलेला. तेच काम. बारा पन्नासला त्याने ते पुन्हा मारलं. या वेळी स्क्रीन रिकामी झाली. त्याच्या स्वतःच्या ओळीही गेल्या. मग एक नाव उमटलं. सोमाजी, आठ ते दहा. खाली दुसरं. मंगरू, दहा ते बारा. पाण्याच्या बाऱ्या.

खाली तिसरं.

अनुप, बारा ते दोन.

त्याच्यापुढे काही नाही. ठिपका लुकलुकत राहिला. मग एक अक्षर आलं. थांबलं. दुसरं आलं. थांबलं. शब्द झाला. मग मोठा खंड, दारात थांबल्यासारखा...

बारी

...

माझी

...

आहे

योगेंद्रने ती लय ओळखली. तिची नक्कल त्याने वर्षभर केली होती. दोन बोटं.

 तरी तोंडातली हुशारी गेली नव्हती. त्याने गोमाजींना फोन लावला. आत कोण बसवलंय, म्हणून ओरडला. गोमाजींचा आवाज झोपेतला नव्हता. दाराला कुलूप आहे, म्हणाले. किल्ली कमरेला आहे. मी दारापुढेच खाट टाकून आहे.

"उघडून पाहा."

गोमाजी उठल्याचं ऐकू आलं. खाट करकरली. किल्ली. कडी. दार.

आणि फोनमधून, लांबून, आवाज आला. ठक... ठक.

मग तो थांबला.

"कोण आहे?" योगेंद्रने विचारलं.

काही नाही.

"गोमाजी..."

गोमाजी बोलले. पण त्याच्याशी नाही. फोन तोंडापासून लांब होता. आवाज मऊ होता, आजारी माणसाशी बोलावं तसा.

"बस, बाबा. उठू नोको. तुहीच बारी आहे."

दार हळूच लागलं. कडी. किल्ली.  मग ते फोनवर म्हणाले, "योगेंद्र. त्याचं पानी तोडू नोको." आणि फोन बंद.

इथे भैयाजी थांबले. गोलूने लॅपटॉपचं झाकण कधी लावलं ते टीनाला कळलं नव्हतं. मागे पुन्हा ठिपकलं. टप्.

"मंग सोडलं त्यानं?" गोलूने विचारलं.

"सोडतो तं माहा भाचा कायचा?"

एक पस्तीस झाले होते. दोन वाजले की बारी संपणार. सकाळी आठ. बाप. पेढे. योगेंद्रने तिसऱ्यांदा ते काम मारलं. मारताना डोळे मिटले, म्हणाला.

उघडले तेव्हा सगळं शांत होतं. त्याच्या ओळी पळत होत्या. एक पन्नास. एक पंचावन्न. बरोबर दोनला काम संपलं. उत्तराची फाइल आली. त्याने ती उघडून पाहिली नाही.  तशीच नागपूरला पाठवली आणि पांघरुणात शिरला. पायांना फार थंडी वाजत होती, म्हणाला. गुडघ्यापर्यंत.

आठ वीसला कंपनीचं उत्तर आलं. ही कोणाच्या पाण्याची यादी पाठवली आहे, आमची थट्टा करता काय, असं त्यात होतं. खाली नमस्कारही नव्हता.

साडेआठला योगेंद्र जिना उतरून आला. मामाजी, मी साकोलीला जाऊन एकेकाला पाहतो, असं काहीतरी बरळत होता. तेवढ्यात भैयाजींच्या फोनवर गोमाजी आले. त्यांनी शिवी दिली नाही. फक्त विचारलं की तुमचा भाचा रात्री कुठं होता. घरीच, भैयाजी म्हणाले. वरच्या खोलीत, मी दाराशी झोपलो होतो.  मग गोमाजींनी सांगितलं.

रात्री अनुपच्या बारीला त्या यादीतला सोमाजी धुऱ्यावर उभा होता. पाणी अनुपच्या बांधीत चाललं होतं. बारा वीसला धुरा फुटला आणि पाणी दुसरीकडे वळलं. त्याने माती घातली. बारा पन्नासला पुन्हा. एक पस्तीसला पुन्हा. माणूस एकही दिसला नाही. उजाडल्यावर चिखलात पाय दिसले. अनवाणी नाही. बुटांचे. तळव्याला चांदणीची नक्षी.

"बांधीत बूट घालून कोन येते, भैयाजी?" गोमाजींनी विचारलं.

भैयाजींनी भाच्याकडे पाहिलं. तो अनवाणी उभा होता. दोघं वर गेले. खाटेखाली बूट होते. जोडीने ठेवलेले, रोजच्यासारखे. वरून काठोकाठ काळा चिखल. ओला. एका बुटात धानाचं लोंबट अडकलेलं. आणि जिन्यावर, फरशीवर, दारात... कुठेच एक डाग नाही.

योगेंद्रने बुटांना हात लावला नाही. तो अनवाणीच एसटीत बसला. तेरवीला मात्र गेला, म्हणतात. तिथेही अनवाणीच. कौशल्याबाईंनी त्याला अनुपचा मित्र म्हणून पहिल्या पंगतीला बसवलं, वाढलं, आणखी घे म्हणाल्या. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. जन्मात पहिल्यांदा, भैयाजी म्हणाले. आता आंबागडला बापासोबत असतो. पाण्याची बारी आली की सगळ्यांच्या मागून घेतो.

विस्तव राखेखाली गेला होता.  गोलूने फोन काढून त्या तापाने पडलेल्या मुलाला विचारलं, तुझ्या नंबरवर मी बसू का. पलीकडून काय उत्तर आलं ते टीनाला ऐकू आलं नाही. गोलू नुसता बरं बरं म्हणत होता, फार मऊ आवाजात.

टीना उठली. मघापासून ते ठिपकणं तिच्या कानात बसलं होतं.

"भैयाजी, मागचा नळ बंद करून येते."

"मागं नळ नाही, बेटा."

तिने मोबाइलचा उजेड मागच्या दारातून अंगणात टाकला. कपडे वाळायच्या तारेवर दोन बूट उलटे टांगलेले होते. भैयाजींनी ते तीनदा धुतले होते, अख्खा उन्हाळा वाळवले होते. बूट पांढरे होते. त्यांच्याखालची जमीन काळी, ओली होती, आणि त्या हातभर चिखलात भर थंडीत धानाची रोपं उभी होती. हिरवीगार, ओळीने.

टप्.